घरातल्या घरात १६७४: पाच जिनसांचा पंच आणि केळीचं पान

मी मूळची वेंगुर्ल्याची. बंदराकडे जाताना सतराव्या शतकातली डच वखार लागायची. भिंतींतून पिंपळ उगवलेले, आत शेळ्या बसलेल्या. लहानपणी मला एकच प्रश्न पडायचा: ही माणसं इथं जेवायची काय? आजीला विचारलं की ती म्हणायची, "भात जेवत असतले, दुसरां काय मिळतलां हंय?" त्या प्रश्नाचा छंद झाला तो ठाण्याला आल्यावर. गेली अकरा वर्षं दर मे महिन्यात आम्ही आठ जण माझ्या घरी जमतो आणि एका जुन्या सालातलं जेवण जेवतो. पेय, ताट, मांडणी, सगळं त्या सालातलं.

कसं करता, असं बरेच जण विचारतात, म्हणून एक पूर्ण बेत लिहून काढते आहे. माझा सगळ्यात आवडता, १६७४चा.

पहिलं काम साल धरायचं. "जुनं मराठी जेवण" असा ढोबळ बेत ठरवला की पुरणपोळी, साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याची भाजी एकाच पानावर येतात आणि त्यातून काहीच कळत नाही. साल धरलं की कात्री लागते. १६७४ म्हटलं की पानातून टोमॅटो गेला, बटाटा गेला, साबुदाणा गेला, शेंगदाण्याचं कूट गेलं. मिरची पोर्तुगिजांबरोबर सोळाव्या शतकात आलेली होती, पण मी ती मुद्दाम वगळते. मिरची येण्याआधी तिखट म्हणजे मिरी, आलं, पिंपळी आणि आमच्याकडचं तिरफळ. "मिरची" हे नावच मुळात मिरीवरून पडलेलं आहे. एक दिवस मिरचीशिवाय स्वयंपाक करून बघा, आपल्या जिभेला कशाची सवय लागली आहे ते पहिल्या घासाला कळतं.

१६७४च का, तर त्या सुमाराला या किनाऱ्यावर खाण्यापिण्याकडे नीट लक्ष देणारा एक माणूस वावरत होता. जॉन फ्रायर, ईस्ट इंडिया कंपनीचा शल्यवैद्य. मुंबई, जुन्नर, कारवार, गोवा असा तो हिंडला आणि दिसेल ते लिहीत गेला. गोव्यातल्या नेरूळला उत्तम अरक (भट्टीत गाळलेली दारू) होतो, त्यापासून या किनाऱ्यावरचे इंग्रज "पाँच" नावाचं अंगातली ताकद काढून घेणारं पेय करतात, आणि पाच जिनसा पडतात म्हणून हिंदुस्तानी भाषेतल्या पाच या आकड्यावरून ते नाव पडलं, असं त्यानं नोंदवलं आहे. जगभर ज्याला पंच म्हणतात तो हाच. या नावाची दुसरीही व्युत्पत्ती सांगतात, पण फ्रायरनं इथल्या माणसांत राहून ऐकलेली मला जवळची वाटते. नेरूळ आजही बार्देशात, कांदोळीला लागून आहे. तिथून वेंगुर्ला किती लांब? सकाळी निघालं तर जेवायला घरी.

रायगडावरचं वर्णनही फ्रायरच्याच पुस्तकात आहे. राज्याभिषेकाच्या वेळी, मे-जून १६७४ मध्ये, हेन्री ऑक्झिंडन कंपनीचा वकील, म्हणजे दूत, म्हणून गडावर गेला होता. गडावरच्या लोकांचं आवडतं अन्न म्हणजे डाळ-तांदूळ एकत्र करून लोण्यात शिजवलेली खिचडी, असं त्यात लिहिलं आहे. इंग्रजांना मात्र मांस लागायचं. ते पुरवणारा म्हातारा खाटीक एकदा गड चढून मुद्दाम त्यांना बघायला आला. कित्येक वर्षांत जेवढं विकलं नव्हतं तेवढं या गिऱ्हाइकांनी थोड्या दिवसांत संपवलं होतं. हा प्रसंग मी दर वेळी खिचडी वाढताना सांगते. तो म्हातारा मला डोळ्यांसमोर दिसतो, दम खात पायऱ्या चढणारा.

एक गोष्ट मात्र स्पष्ट ठेवा. पंच गडावरचा नाही. तो मुंबईच्या वखारीतला, खानावळींतला. म्हणून आमच्याकडे दोन जागा असतात. पंच गॅलरीत, उभ्याउभ्या, दिवेलागणीच्या आधी. तो संपला की भांडं आत जातं, सगळे हातपाय धुतात, आणि जेवण खाली पाटावर, केळीच्या पानावर. दोन्ही एकत्र केलं तर दोन्हीची शोभा जाते, असं माझं ठाम मत आहे.

आता पंच. प्रमाणासाठी तर्क लढवायची गरज नाही, मुंबई सरकारच्या १६९४च्या हुकुमातच ते दिलेलं आहे. खानावळीत पंच प्यायला आलेल्या माणसानं एक क्वार्ट चांगला गोव्याचा अरक, अर्धा पौंड साखर आणि अर्धा पाइंट लिंबाचा रस मागावा आणि आपला पंच आपण करून घ्यावा, असा तो हुकूम. आजच्या मापात मी त्याचा हिशेब असा बसवला: ७५० मिलिलिटरच्या एका बाटलीला १८० ग्रॅम साखर आणि १९० मिलिलिटर लिंबाचा रस. बारा ते पंधरा कागदी लिंबं लागतात, चांगली पिवळी झालेली आणि हातात जड लागणारी घ्या. पाणी मी सव्वा लिटर घालते. सगळं मिळून साधारण सव्वादोन लिटर होतं. आठ माणसांना छोटे तीन-तीन पेले, आणि त्याहून जास्त मी कुणाला देत नाही.

अरक म्हणजे कुठला? शब्द अरबी, मूळ अर्थ घाम. भट्टीत वाफ थंड होऊन थेंब थेंब गळतो तो घामासारखा म्हणून अरक. आपला ओव्याचा अर्क त्याच घरातला. गोव्याचा त्या काळचा अरक माडाच्या सुरेपासून काढलेला होता. आज त्याला सगळ्यात जवळची म्हणजे माडाची फेणी. दुकानात फेणी मागितली की काजूची पुढे करतात, कारण तीच जास्त खपते. पण काजूचं झाड पोर्तुगिजांनी ब्राझीलहून आणलेलं, आणि या पेयाचं मूळ माडात आहे, म्हणून "माडाची द्या" असं सांगून मागा. माडावर चढून सूर काढणारे रेंदेर आता कमी होत चालले आहेत. ती बाटली हातात घेताना मला माडाच्या शेंड्याला बांधलेलं मडकं आठवतं. काजूची फेणी वापरून बघितली आहे मी, वास इतका पुढे येतो की जायफळ बिचारं हरवतं.

कामाची गोष्ट: महाराष्ट्रात दारू प्यायला परवाना लागतो आणि वय २५ पूर्ण असावं लागतं. गोव्याहून बाटली आणायची तर तिचाही परवाना आधी काढा, आयत्या वेळी चेकनाक्यावर वाद घालू नका.

कृती आदल्या रात्री सुरू होते. सहा लिंबांची फक्त हिरवी-पिवळी साल सोलाण्यानं अलगद काढा. कागदी लिंबाची साल पातळ असते, पांढरा भाग आला तर पंच कडू होतो, तेव्हा घाई नको. सालीवर साखर घालून हातानं चांगली चुरा आणि झाकून ठेवा. मी खडीसाखर कुटून घेते, तिचा गोडवा स्वच्छ लागतो. सकाळी साखर ओलसर झालेली असते आणि झाकण काढलं की सगळ्या स्वयंपाकघरात लिंबाचा वास पसरतो. त्यात वाटीभर गरम पाणी घालून साखर विरघळवा, साली गाळून टाका. मग रस, मग फेणी, आणि शेवटी माठातलं पाणी. माझ्या माठात वाळ्याची जुडी असते, तो थंड मातकट सुगंध फेणीला फार छान धरतो. पाण्याचं माप मात्र सोडू नका, आधीचं वाटीभर त्यातच धरा. वर जायफळ, पाहुण्यांसमोर, ताजं किसून. आधी किसून ठेवलेल्या जायफळाला काही अर्थ नाही. बर्निए नावाचा फ्रेंच वैद्य मोगलांच्या राज्यात राहत होता. त्यानंही या पेयाचं वर्णन करताना वरून किसलेल्या जायफळाचा उल्लेख केला आहे. त्याच्या पाहण्यातला अरक गुळापासून काढलेला होता. चवीला बरं, पण शरीराची आणि प्रकृतीची महामारी, असंही तो लिहून गेला आहे. म्हणून छोटे पेले.

बर्फ आत घालू नका. १६७४ मध्ये मुंबईत बर्फ कुठला? अमेरिकेहून जहाजानं पहिला बर्फ कलकत्त्याला उतरला तो १८३३ मध्ये. पण मे महिन्यातली ठाण्याची संध्याकाळ मलाही कळते. म्हणून बर्फ बाहेरून लावायचा, आणि इथंच आजीचं घंगाळ कामाला येतं.

पहिल्या वर्षी मी पंच थेट त्या पितळेच्या घंगाळातच केला होता. दिसायला इतका सुंदर होता की सगळ्यांनी फोटो काढले. अर्ध्या तासात चव बदलली, जिभेवर धातू लागायला लागला. घंगाळाला आतून कल्हई नव्हती, आणि एवढं लिंबू पितळेत घातलं होतं. सगळा पंच मी मोरीत ओतला. लिंबू, कोकम, चिंच, दही यांतलं काहीही कल्हई नसलेल्या तांब्यापितळेत ठेवणं विषारी ठरू शकतं, हे कृपा करून लक्षात ठेवा. आता मी काचेचं खोल भांडं घंगाळात बसवते, मधल्या जागेत बर्फाचा चुरा आणि मूठभर जाडं मीठ घालते. बाहेरून पितळ चमकतं, आत फिकट लिंबाच्या रंगाचा पंच, वर जायफळाचे कण. घंगाळाच्या कड्यांना अबोलीचा वळेसर बांधते. एवढं पुरे. काठावर लिंबाच्या चकत्या, छत्र्या, स्ट्रॉ असलं काही लावू नका.

वाढायला करवंटीची डवली. माडाचा अरक आणि माडाचीच डवली, हे मला मनापासून आवडतं. प्यायला मी निळ्या नक्षीचे पांढरे कप घेते, बशीशिवाय. चिनी मातीची निळी-पांढरी भांडी तेव्हा जहाजांनी या किनाऱ्यावर येत होती. गोव्यात चांदरला मिनेझेस ब्रागांझांच्या वाड्यात जुनी चिनी भांडी बघायला मिळतात, ती बघितल्यावर मला रंग नक्की करता आला. तुमच्याकडे तसे कप नसतील तर कटिंग चहाचे काचेचे ग्लास घ्या, माप बरोबर बसतं.

न पिणाऱ्यांसाठी वेगळा पंच करा आणि तो तितक्याच प्रेमानं करा. माझी आई पीत नाही, दोन मित्र गाडी चालवत परत जातात. फेणीच्या जागी शहाळ्याचं पाणी ७५० मिलिलिटर, साखर ८० ग्रॅम, लिंबाचा रस १०० मिलिलिटर, साधं पाणी पाव लिटर, चिमूटभर मीठ, वर तेच जायफळ. माड दोन्हीकडे आहे. भांडंही तसंच काचेचं, कपही तेच. कोपऱ्यात कोल्ड्रिंकची बाटली उघडून ठेवणं म्हणजे पाहुण्याला "तू बाजूला बस" असं सांगणं.

जेवणाचं पान असं:

मधोमध मुगाची खिचडी. आठ जणांना तीन वाट्या आंबेमोहोर, दीड वाटी मूगडाळ. तूप नको, घरचं लोणी, तेही सढळ हातानं. लोणी पातळ झालं की जिरं, दहा-बारा मिरे जाडसर कुटून, आल्याचा तुकडा, तमालपत्र. त्यात डाळ-तांदूळ परतून दुप्पटीहून थोडं जास्त आधण. हळद मी घालत नाही, लोण्याचा रंग दिसू दे. सोबत मिरी-लसणाची सोलकढी, आमसुलं भिजवून काढलेला आगळ आणि नारळाचा पहिला दाट रस. मासे खाणाऱ्यांसाठी बांगड्याचं तिरफळ घातलेलं सुकं: ओलं खोबरं, मिरी, हळद वाटायची, आमसुलं टाकायची, तिरफळं ठेचून शेवटी. तिरफळाची बी काढून टाका, फक्त टरफल घ्या. लाल रंग नाही म्हणून आधी सगळे साशंक असतात, मग दुसऱ्यांदा मागतात. कैरीची डाळ मिरी लावून. गोडाला सांदणं, बरक्या फणसाच्या रसातली. आणि आंबा, फक्त चिरून.

पदार्थ आणखी शोधायचे असतील तर रघुनाथ नवहस्ते यांचा सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातला "भोजनकुतूहल" हा संस्कृत ग्रंथ हाताशी ठेवा. भांडी कशी दिसायची हे बघायला पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात एक अख्खी दुपार काढा. तिथले दिवे आणि अडकित्ते बघून मी घरी परतले आणि दुकानातून आणलेले सगळे चकचकीत टेबलक्लॉथ वाटून टाकले.

पान मांडताना शेंडा जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला. पान धुऊन, मधल्या शिरेकडून बाहेर पुसून, गॅसवर उलटसुलट हलकं शेकून घ्या, म्हणजे मऊ पडतं आणि फाटत नाही. वर मध्यभागी मीठ. डावीकडे लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर, कैरीची डाळ, म्हणजे जे चवीपुरतं खायचं ते. उजवीकडे भाजी, बांगडा, पातळासाठी द्रोण. खाली मध्यात खिचडी. वाढणं मिठापासून सुरू आणि वरच्या लोण्याच्या गोळ्यावर संपणार. तो पडल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही.

पानाभोवती रांगोळी हवीच. फरशीवर कोरडी रांगोळी घातली तर पंख्यानं उडून खिचडीत जाते. माझा उपाय: तांदळाची पिठी पाण्यात पातळ कालवायची, कापसाच्या बोळ्यानं महिरप काढायची. ओली असताना दिसत नाही, वाळली की दुधासारखी पांढरी उमटते आणि जागची हलत नाही. फक्त पांढरी. केळीचा हिरवा, फरशीचा रंग आणि पांढरी रेघ, यात गुलाबी-जांभळा मिसळू नका. दोन पानांच्या मध्ये एक तेलाचा दिवा, पदर लागणार नाही इतका मागे. ट्यूबलाइट बंद. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी टेबलावर पान मांडा, शेजारी तसाच दिवा ठेवा, आणि यजमानानं त्यांच्या शेजारी टेबलावर बसावं. गेल्या वर्षीपासून मी आईजवळ तशीच बसते.

इतिहास किती सांगायचा? एका वाढीला एक गोष्ट. पंचाला फ्रायर, जायफळाला बर्निए, खिचडीला तो खाटीक. बाकीचं विचारलं तर. एक खेळ मात्र हमखास रंगतो: पान वाढून झालं की विचारायचं, "यात काय नाही ते सांगा." माझ्या लेकीच्या मैत्रिणीला मिरची नाही हे अर्धं जेवण झाल्यावर कळलं. तोंड पोळलं होतं तिचं मिरीनं.

उरलेला पंच बाटलीत गाळून फ्रिजमध्ये दोन दिवस राहतो, जायफळ मात्र गाळून टाका, नाहीतर कडवटपणा उतरतो. रांगोळी ओल्या फडक्यानं सकाळी निघते. घंगाळ त्याच रात्री चिंच आणि मिठानं घासून, धुऊन, कोरडं पुसून ठेवा. मिठाचं पाणी रात्रभर राहिलं तर हिरवे डाग पडतात आणि मग ते सहजासहजी जात नाहीत.